तेराशेचं इंजिन

जुनं इंजिन साखळीला लटकून हळूहळू वर आलं आणि धुडकूच्या तोंडासमोर येऊन संथ फिरायला लागलं. कुंदन मिस्त्रीने एका हाताने ते थांबवलं, बाहीला घाम पुसला आणि हे भंगारात द्यायचं का म्हणून धुडकूच्या मुलाला, चेतनला विचारलं. चेतन हो म्हणाला. गाडी धुडकूच्या नावावर होती, पण त्याला कोणी विचारलं नाही.

सुरतेतल्या भेस्तानच्या त्या गॅरेजात पलीकडे फळीवर नवं इंजिन ठेवलेलं होतं. नवं म्हणजे भंगारात निघालेल्या एका मोठ्या गाडीचं, तेराशे सीसीचं. धुडकूची गाडी आठशेची, जुनी, पांढरी, दाराच्या खाली गंज धरलेली. तिच्या रिकाम्या तोंडात हे धूड मावणार कसं, हेच त्याला कळेना. कुंदन म्हणाला, मावतं, बसवलेलं आहे मी. मग हात पुसत तो चेतनकडे वळला आणि जरा आवाज उतरवून बोलला.

"ब्रेक पण बदलवी पडशे, चेतनभाई. गाडी जूनी छे."

मोठ्या ब्रेकचा माल यायला वेळ होता आणि गावाकडे धुडकूच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं. चेतनने सांगितलं, लग्नाहून आल्यावर करू. कुंदनने खांदे उडवले, पण घाटात नेऊ नका असं दोनदा बजावलं. धुडकूला कानांनी कमी ऐकू यायचं, तरी समोरच्याचे ओठ तो बरोबर वाचायचा. हे त्याने वाचलं.

नवागामच्या कापड कारखान्यात माग दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. अमळनेरकडचं गाव सोडून आला तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं. मागांच्या खडखडाटाने हळूहळू कान नेले. मग तो यंत्रावर तळहात ठेवून त्याचं दुखणं ओळखायला लागला. चेतन शाळेत असताना ही गाडी त्याने वापरलेली विकत घेतली. दर रविवारी स्वतः धुवायचा आणि वर्षातून एकदा सगळ्यांना घेऊन गावी जायचा.

अडचण फक्त कोंडाईबारीच्या घाटात यायची. भरलेली गाडी तो चढ चढतच नसे. तापायची, धापा टाकायची, आणि मग सगळ्यांनी उतरून चालायचं. धुडकू एकटा गाडी वर नेऊन सावलीला थांबायचा. सरलाबाईला, त्याच्या बायकोला, त्याचं काही वाटत नसे. उलट पाय मोकळे होतात म्हणायची. पण चेतनच्या लग्नानंतरच्या पहिल्याच फेरीत नवी सून योगिता शालू सावरत डांबरावरून चालत होती आणि चेतनच्या सासरकडची माणसं जीपमधून हसत पुढे गेली. चेतनचा चेहरा त्या दिवशी कसा झाला होता, ते धुडकूने पाहिलं होतं. पुढे पर्वत पाटियाच्या कापड बाजारात चेतनला बरी नोकरी लागली, आणि दुसरं काही घ्यायच्या आधी त्याने हे इंजिन शोधून काढलं.

"आप्पा, आते घाटमा कोनी उतरानं नही," तो घरी येऊन म्हणाला होता. मुलगा आपल्यासाठी एवढं करतोय, तर नाही कसं म्हणायचं?

गाडी घरी आली आणि धुडकूची झोप बिघडली. बॉनेटवर हात ठेवला की आतून नुसता रेटा जाणवायचा. ते दुखणं नव्हतं, ताकद होती. पण त्या ताकदीखाली पत्रा बारीक थरथरत असे, आणि गाडीचं तोंड पूर्वीपेक्षा जमिनीकडे झुकलं होतं. पाय नुसता टेकवला की ती झेपावायची. आपल्या गल्लीतच त्याने एक भाजीची गाडी थोडक्यात चुकवली. त्यानंतर तो चालकाच्या जागेवर बसलाच नाही. चेतनने किल्ली मागितली नव्हती. धुडकूनेच ती जाऊन त्याच्या हातात दिली.

एकदा त्याने मुलाला किसनची गोष्ट सांगितली. किसन त्याच्याच गावचा, पलीकडच्या मागावर असायचा. शेठने जुन्या मागाला मोठी मोटर लावली. महिनाभर कापड भराभर निघालं, सगळे खूश होते. मग एका सकाळी इकडून तिकडे धागा नेणारा लाकडी धोटा मागातून सुटला आणि बंदुकीच्या गोळीसारखा किसनच्या डोळ्यात गेला. मोटर चांगलीच होती, धुडकू म्हणाला, तिला धरून ठेवणारं लाकूड जुनं होतं.

चेतनने शांतपणे ऐकून घेतलं. "आप्पा, तुमले उगाच भ्या लागस. मी रोज लई जास ना गाडी."

पुतणीच्या लग्नाला बसने जाऊ या, एवढंच त्याने एकदा सुचवून पाहिलं. पण गाडी दारात असताना बस कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं.

जाताना गाडी घाट अशी चढली की योगिता मागच्या सीटवर हसायलाच लागली. ट्रक मागे पडत गेले. वर पोचल्यावर चेतनने वळून बापाकडे पाहिलं. धुडकू त्याच्या शेजारी डाव्या सीटवर बसला होता. त्याने मान हलवून शाबासकी दिली. ती खोटी नव्हती. पोराचा उजळलेला चेहरा बघून त्यालाही बरं वाटलं होतं. पण पुढे सपाटीवर चहाला गाडी थांबली तेव्हा त्याने पुढच्या चाकाजवळ नाक नेलं. लोखंड जळल्यासारखा बारीक वास येत होता. नुसत्या सपाट रस्त्यावर एवढा वास, तर परतताना उतारावर काय होईल, हा विचार लग्नाचे दोन्ही दिवस त्याच्या डोक्यातून गेला नाही. मांडवात लोक गाडीभोवती जमून बॉनेट उघडायला लावत होते, चेतन कौतुकाने सांगत होता, आणि धुडकू पंगतीत बसून पुढ्यातला घास नुसता चिवडत होता.

निघताना भावाने डिकीत गव्हाची गोणी टाकली. धुडकू म्हणाला, राहू दे, मागून पाठव. भाऊ रुसला. गोणी राहिली.

घाटाचा उतार सुरू झाला तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. पहिल्या वळणांना चेतनने ब्रेक दाबला तशी गाडी आवरली. पुढे ती आवरायला वेळ घ्यायला लागली. धुडकूने पायाखालच्या पत्र्यावर बोटं रोवली. खालचा गियर टाक, तो म्हणाला. चेतनने टाकला, इंजिन ओरडलं, पण वेग फारसा उतरला नाही. उघड्या काचेतून जळका वास आत आला. मागे योगिताने पदर नाकाला लावला. सरलाबाईने पुढची सीट घट्ट धरली.

"आप्पा," चेतन म्हणाला. त्याचा आवाज लहानपणीसारखा झाला होता. "ब्रेक लागत नही."

धुडकूने हातब्रेक ओढला. तो थोडा धरला आणि मग ढिला पडला. पुढे वळणावर कांद्याने भरलेला ट्रक रांगत होता. उजवीकडे गुडघाभर उंचीचा कठडा आणि त्यापलीकडे झाडांचे शेंडे. डावीकडे डोंगर कापून काढलेली काळी भिंत.

"मना बाजूले घाल," धुडकू म्हणाला.

चेतनने ऐकलं. त्याचे हात हलले नाहीत. डावीकडे घालायचं म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. ट्रकची मागची फळी मोठी मोठी होत गेली. धुडकूने पुन्हा सांगितलं, तसंच, न ओरडता. मग त्याने आपला हात मुलाच्या हातावर ठेवला आणि स्टिअरिंग आपल्याकडे ओढून घेतलं.

दगडाला पत्रा घासत गेल्याचा आवाज त्यालासुद्धा ऐकू आला.

योगिताच्या कपाळाला टाके पडले. सरलाबाईच्या बांगड्या फुटून हात चिरला. चेतनला खरचटलंही नव्हतं. कांद्याच्या ट्रकवाल्यांनी पहारीने दार उचकटून धुडकूला बाहेर काढलं. आधी नवापूरला नेलं, तिथून सुरतेला. डावा पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

दवाखान्यात नवागामची निम्मी गल्ली भेटायला येऊन गेली. प्रत्येकाला धुडकू एकच सांगायचा. ब्रेक गेले, पण पोराने डोकं ठिकाणावर ठेवलं, डोंगराला घातली, सगळे वाचले. लोक चेतनच्या पाठीवर हात ठेवायचे. चेतन भिंतीकडे बघत उभा राहायचा. सरलाबाईने मागच्या सीटवरून सगळं ऐकलं होतं. ती फक्त नवऱ्याची चादर पुन्हा पुन्हा सारखी करत राहिली. एका दुपारी खोलीत दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा चेतन खाटेजवळ खाली बसला. कुंदनभाईने मला सांगितलं होतं आप्पा, असं म्हणून तो थांबला. धुडकूने त्याच्या ओठांवरची नजर काढून खिडकीकडे नेली आणि काही ऐकू न आल्यासारखा पडून राहिला.

घरी आणलं त्या दिवशी रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबली. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, बाहेरून लोखंडी जिना, अरुंद आणि उभा. शेजारचा पंडित आणि त्याचा भाऊ खुर्ची घेऊन आले होते, त्यात बसवून वर न्यायचं ठरलं होतं. धुडकूने खुर्चीकडे पाहिलं, मान हलवली. कुबड्या त्याने योगिताकडे दिल्या, जिन्याला पाठ केली आणि पहिल्या पायरीवर टेकला.

तळहात वरच्या पायरीवर रोवायचे, उजव्या पायाने रेटायचं, कंबर उचलायची. मग दम घ्यायचा. टिकल्या लावायला साड्या घेऊन बसलेल्या बायकांनी सुया खाली ठेवल्या. चेतन दोन पायऱ्या खाली, दोन्ही हात पुढे करून चढत होता. अर्ध्या जिन्यावर धुडकूचा हात निसटला, तसा तो झेपावला. धुडकूने नुसती मान हलवली. चेतनचे हात तिथेच थांबले.

वरच्या पायरीवर पोचून धुडकू बराच वेळ श्वास घेत बसला. सदरा भिजून अंगाला चिकटला होता. मग त्याने हाताने ओढून स्वतःला भिंतीकडे सरकवलं आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा केली. चेतन वर आला, त्या जागेकडे बघत उभा राहिला, आणि शेवटी बसला.