चाक न लागलेली भांडी

ताडकळसला सूर्यभानचं भंगाराचं दुकान आहे. जुनं घर पाडलं की पत्रा-लोखंडाबरोबर मातीची भांडीही त्याच्याकडे येतात. ती तो फोडून टाकायचा. मी पूर्णेला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. चार वर्षांपूर्वी मी त्याला सांगून ठेवलं, विचित्र काही आलं तर ठेवा.

"मॅडम, आज कुबडा तांब्या आलाय. तुमच्यासारखं गिऱ्हाईक परमेश्वरानं एकच केलंय बघा!"

अशी सात भांडी जमली. कुबडा तांब्या, बेडकाच्या तोंडाची पणती, तीन कानांचं झाकण. सातही एकाच हाताची: प्रत्येकाच्या बुडाला नखाच्या तीन रेघा होत्या.

परभणीच्या प्रदर्शनात मला एक टेबल मिळालं. अर्जावर कारागिराचं नाव हवं होतं. सूर्यभानने कुंभारवाड्यातल्या बन्सीधर मामांकडे पाठवलं.

मी नेलेल्या भांड्यांतला तांब्या मामांनी फिरवून पाहिला. "आमच्या दादाचं काम. वारले ते. लिवा, गोपाळ कुंभार."

मी लिहिलं. दारात त्यांची भावजय, त्या दादांची बायको पंचफुलाबाई उभी होती. बेडकाची पणती पाहून ती हसली, आणि मामांनी सांगितलेलं नाव ऐकून पुढे आली.

"खोडा ते," ती म्हणाली. "म्या केलेत."

"वैनी, काय बी काय बोलायलाव! आमच्यात बायका चाकाला हात लावत न्हाईत."

"कुठं लावला?"

मी तांब्या उचलला. चाकावर घडवलेली घागर नंतर थापून कितीही मोठी केली तरी गळ्याला आतून चाकाच्या गोल रेषा राहतात. मी घरी भिंग लावून पाहिलं होतं, इथे एकही नव्हती. पण त्याचा अर्थ मला आत्ता कळला. "मामा, गळ्यात बोट फिरवा."

मामांनी बोट घातलं. एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. चाळीस वर्षं चाकावर बसलेला माणूस. त्यांना सांगावं लागलं नाही. तरी म्हणाले, "मग करून दावा."

पंचफुलाबाईने पदर खोचला. फुटक्या रांजणाच्या बुडावर मातीचा गोळा ठेवला. आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापी. थप, थप. तासाभरात तांब्या उभा राहिला, आणि त्याला शेळीचं तोंड आलं, रागावलेलं. मग तिने बुडाला नखाने तीन रेघा ओढल्या.

"मग तवा आमी कुठं होतो, वैनी?"

"बाजारात. तुमी मडकी विकायला गेलाव की मी करायची. ह्यांना ठाऊक हुतं. गुपचूप भट्टीत कोपऱ्याला ठेवायचे, भाजली की आल्यागेल्याला देऊन टाकायचे."

"मला न्हाई सांगितलं."

"तुमी इचारलं कवा?"

मी गोपाळ कुंभार खोडलं. "पूर्ण नाव सांगा, बाई."

"नुसतं पंचफुला लिवा. मोठ्या अक्षरात."

परभणीला आमच्या टेबलापुढे गर्दी हटेना. एक अधिकारी बन्सीधर मामांच्या फेट्याकडे पाहून म्हणाले, "वा, काय हात आहे तुमचा!"

"मी नुसती मडकी करतो, साहेब," मामा म्हणाले आणि बाजूला सरकले. "ह्या आमच्या वैनी. ह्यांना बोला."

पंचफुलाबाई खुर्चीत ऐसपैस बसली होती. एक लहान मुलगी तिला विचारत होती, बेडूक का हसतो.

"त्यालाच इचार. मी करायलते तवा बी हसतच हुता."