गोष्टीचा खरा शेवट

प्रमोदिनीबाई अमरावतीच्या मुलींच्या शाळेत शिकवत आणि तिथलं बोर्डिंगही सांभाळत. बोर्डिंगातल्या पोरींच्या गोष्टी त्या पुण्याच्या मासिकात टोपणनावानं लिहीत. पण लिहिणारी कोण, हे अख्ख्या वऱ्हाडाला ठाऊक! शाळेची कमिटी तेवढी ठाऊक नसल्याचं सोंग करी.

या खेपेच्या गोष्टीतली मुलगी मॅट्रिकला बसणार होती. पण कमिटीच्या धास्तीनं बाईंनी शेवटच्या पानावर कच खाल्ली. मुलीला बापाबरोबर घरी धाडलं, लग्न लावून दिलं. झाली गोष्ट गोड!

अंक निघाला आणि आठच दिवसांत हिवरखेडचे पंजाबराव बोर्डिंगच्या दारात. त्यांचा वांगी-मिरचीचा मळा. लेक जयवंता मॅट्रिकच्या वर्गात, गणितात पहिली.

"पोरीले न्याले आलो, बाई."

"अहो, परीक्षा दोन महिन्यांवर आली!"

"तुमचं मासिक आमचा मास्तर पारावर वाचून दाखोते. साऱ्या गावानं आयकलं. घरची म्हंते, बाईनंच लिवलं का पोरगी घरी नेलेली बरी. मंग आपलीच काहून ठेवता?"



"तो शेवट खोटा आहे, पंजाबराव."

"खोटा? मंग लिवला काहून?"

"भ्यायले. कमिटीला."

पंजाबराव पायरीवर बसले. "मी भावकीले भेतो, तुमी कमिटीले भेता. मंग पोरीनं पाहावं कोनाकडं?"

बाईंना स्वतःची अशी लाज वाटली की बस! त्यांनी तिथंच दौत-टाक घेतला. नव्या शेवटात मुलगी लग्नाला ठाम नकार देते आणि परीक्षेला बसते. खाली स्वतःचं नाव, शाळेचंही. पंजाबरावांना तो वाचून दाखवला.

"छापून येऊ द्या. तवरोक ठेवतो पोरीले," म्हणून ते गेले.

पुढच्या अंकात शेवट छापून आला आणि तिसऱ्या दिवशी कमिटीनं बाईंना नारळ दिला. बाई रडल्या, पण कमिटीनं मागितलेला माफीचा कागद काही लिहून दिला नाही. अकोल्याच्या एका शाळेत जागा होती, तिकडं निघाल्या.

टांग्यात पाय ठेवतात तो पंजाबराव हजर! जयवंता वळकटी घेऊन शेजारी उभी.

"नेताच का हो तिला?" बाईंनी विचारलं.

"घरी नाही नेत. तुमची नोकरी गेली, पर तुमी शेवट नाही बदलला. पारावर पुऱ्या गावानं आयकलं." त्यांनी वळकटी टांग्यात टाकली. "हिले तुमच्यासंगं अकोल्याले न्या. परीक्षेले मी सोता आनून बसोतो. भावकी काय म्हंते ते मी पाहून घेतो."