अठरा दिवस पुढे

आमच्या ह्यांना कायद्याचं भारी वेड. वस्तीत कुणाचा सातबारा अडला, कुणाचं रेशनकार्ड अडलं की लोक आमच्या ओट्यावर येऊन बसतात, आणि हे कागद हातात घेऊन असे गंभीर होतात की समोरच्याला वाटावं आता निकालच देणार. नाव अंगद. माणूस वाईट नाही. पण निवडणुकीला उभी मी होते आणि डोकं ह्यांनी चालवलं, हे मला अजून पचलेलं नाही.

मी उभी का राहिले ते आधी सांगते. आमची धनगरांची वस्ती गावाच्या कडेला. सहा वर्षांमागे हद्दवाढ झाली आणि आम्ही ग्रामपंचायतीतून नगरपरिषदेत आलो. लोकांना वाटलं, आता नळ येईल, नाल्या होतील, खांबावर दिवे लागतील. आला तो कचरा डेपो. गावभरच्या घंटागाड्या आमच्या मागच्या गायरानात रिकाम्या व्हायला लागल्या. आणि त्याच गायरानात आमची मेंढरं आखाडापासून दिवाळीपर्यंत चरतात, ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. मागच्या पावसाळ्यात दोन महिन्यांत नऊ मेंढ्या पोट फुगून मेल्या. जनावरांच्या डॉक्टरांनी एकीचं पोट फाडून दाखवलं. आत मूठभर गवत होतं, बाकी क्यारीबॅगा, सुतळ्या आणि दुधाच्या पिशव्या.

अर्ज किती दिले ते विचारू नका. प्रत्येक वेळी एकच उत्तर, तुमच्या नगरसेवकाला सांगा. नगरसेवक बाजारपेठेतले, त्यांच्या दारात वास येत नाही. म्हणून या खेपेला प्रभागातली जागा महिलांसाठी निघाली तेव्हा मी म्हटलं, मीच उभी राहते. अंबाजोगाईला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली आहे मी. चार माणसांत उभं राहून बोलता येतं. हे म्हणाले, "ऱ्हा उभी. बाकीचं मी बगतो." तिथेच मी त्यांना अडवायला हवं होतं.

समोर रुचिका होती, बियाण्याच्या दुकानवाल्यांची सून. मुलगी गोड बोलणारी, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तिच्या बाजारातल्या लोकांना डेपो आहे तिथेच राहायला हवा होता. हलवायचा झाला तर दुसरी जागा होती ती नाक्याकडची, त्यांच्या दुकानांच्या पाठीमागची. म्हणजे मी आले तर डेपो हलवायला जीव लावणार, ती आली तर तो जागचा हलणार नाही, इतकं सरळ होतं.

मतं जवळजवळ सारखी. बाजाराची तिला, वस्तीची मला. फक्त आमच्या एक्केचाळीस मतांचा घोर होता. दिवाळी झाली की तेवढी माणसं मेंढरं घेऊन गंगेच्या काठाला जातात. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. शेतकऱ्यांच्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, लेंडीखत द्यायचं, बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढच्या रानात जायचं. परत यायचं ते थेट आखाडात.

मी दिंद्रुडकडे जाऊन आसारामतात्यांना भेटले. माझे चुलत सासरे. त्यांचा शब्द सगळ्या कळपांत चालतो. कापूस वेचलेल्या रानात ते मेंढीच्या खुरातला काटा काढत बसले होते.

"किती टायमाचं काम हाय?" त्यांनी विचारलं.

"येऊन जाऊन चार दिवस, तात्या."

"येतो की मग. चार दिवस सुना बगतील मेंढरं. तू निवडून आलीस तर आखाडात घराकडं यायला तोंड ऱ्हाईल. न्हाईतर मेंढरं न्यायची कुटं, हा घोर हायच."

मी निश्चिंत होऊन परतले. आणि घरी आले तर बातमी, बायडाबाईंनी पण फॉर्म भरलाय.

बायडाबाई म्हणजे माझ्या चुलत जाऊ, वस्तीतल्या सगळ्या सुनांत थोरल्या. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण वस्तीत बारसं असो की भांडण, त्यांना विचारल्याशिवाय पान हलत नाही. ह्यांनी लगेच निकाल लावला. "त्या बाजारवाल्यांनीच उबी केलीय तिला. आपली मतं खायला." पुरावा विचारला तर म्हणाले, राजकारणात पुरावा नसतो.

मला मनातून वाटत होतं, जाऊन भेटावं. घर काही सात समुद्रापलीकडे नाही, मधे चार दारं. पण मलाही राग आला होता. थोरल्या असून आडव्या येतात म्हणजे काय. नाही गेले.

छाननीच्या दिवशी ह्यांनी आपलं हत्यार काढलं. फॉर्मसोबत घरी संडास असल्याचा दाखला लागतो. बायडाबाईंच्या दाखल्यावर सही होती, शिक्का नव्हता. ह्यांनी लेखी हरकत घेतली. बायडाबाई साहेबांसमोर पदर सावरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "साएब, माज्या घरी संडास हाय, येऊन बगा." मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांनी नियम वाचला आणि फॉर्म बाद केला. खरं सांगायचं तर त्या दिवशी मलाही बरं वाटलं. बाहेर हॉटेलात हे म्हणाले, भजी खाऊ, आणि मी दोन प्लेट खाल्ली. त्यामुळे सगळा दोष ह्यांच्याच माथी मारायला मी मोकळी नाही.

बायडाबाई अपिलात गेल्या. त्यांचा भाऊ एका वकिलाकडे कारकून आहे, त्याने लावून दिलं. हे म्हणाले, "अपील टिकत न्हाई." आणि खरंच टिकलं नाही, कोर्टाने फेटाळलं. चार दिवस ह्यांचा पाय जमिनीला लागत नव्हता. येईल त्याला शिक्क्याची गोष्ट सांगत होते.

मतदान दोन डिसेंबरला. तीस तारखेला कळपावरची माणसं आली. कुणी एसटीने, कुणी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. मी पिठलं आणि भाकरी केल्या होत्या. मला निशाणी कपाट मिळालेली, तर तात्या जेवताना म्हणाले, "आमच्या बिऱ्हाडात एक घोंगडं आन दोन पातेली, कपाटात ठिवायचं काय गं सूनबाई?" सगळी वस्ती हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं की आपण निवडून येऊ शकतो. मी मनातल्या मनात डेपोच्या ठरावाची भाषा जुळवायला लागले होते.

पाच वाजता ह्यांच्या मोबाईलवर मेसेज आला. हे वाचत राहिले. परत वरून वाचलं. मग उठून बाहेर गेले. मी मागे गेले.

"काय झालं?"

"काय न्हाई. आपल्या प्रभागाचं मतदान पुढं गेलंय."

"पुढं म्हंजी?"

"वीस तारीख."

"का म्हून?"

त्यांनी फोन खिशात घालायला घेतला. मीच फोन हातातून घेतला. जिथे जिथे फॉर्मच्या अपिलाचा निकाल ठरल्या तारखेनंतर लागला, तिथलं मतदान अठरा दिवस पुढे. अपील मंजूर झालं की फेटाळलं, याच्याशी काही संबंध नाही. बाकी सगळ्या गावाचं दोन तारखेलाच. आमच्या जागेला तेवढं अपील होतं, आणि ते ज्या हरकतीवरून झालं ती आमची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निवडणूक कचेरीत गेले. म्हटलं, साहेब, माझे मतदार सत्तर किलोमीटरवरून आलेत, त्यांना जनावरं आहेत. साहेब बिचारे भले होते, चहा घ्या म्हणाले. "ताई, वरून आदेश आहे. आमच्या हातात काही नाही." मी म्हटलं, मग कुणाच्या हातात आहे ते तरी सांगा, त्यांच्याकडे जाते. त्यांनी छताकडे पाहिलं. रडू येत होतं, पण त्या टेबलासमोर रडायचं नाही एवढं ठरवून मी बाहेर पडले.

वस्तीवर आले तर माणसं पिशव्या बांधून निघालेली. पहाटे कळपावर लांडगा आला होता. रात्रभर जागून सुनांचा डोळा लागला आणि सहा कोकरं गेली. तात्या मला काहीच बोलले नाहीत. तेच जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर मी पाय धरले असते.

माणसं गेली त्या दिवशी दुपारी बायडाबाई माझ्या दारात आल्या. आत या म्हटलं तर उंबऱ्याबाहेरच बसल्या.

"तुला वाटलं आसंल, मी बाजारवाल्यांचं खाऊन फॉर्म भरला," त्या म्हणाल्या.

मला तसंच वाटलं होतं.

"कुनाचा चहा सुदीक पेलेले न्हाई मी. सगळ्या वस्तीला इचारलंस. कळपावर जाऊन म्हाताऱ्याला इचारलंस. मी चार दारांवर ऱ्हाते. थोरली हाय. मला कुनी इचारलं का? म्हनलं, आपून बी फॉर्म भरू, मंग येईल इचारायला. तू आली आसतीस, कुकू लावून म्हनली आसतीस की जाऊबाई, ह्या खेपंला मी, तर तवाच्या तवा मागं घेतला आसता. मागं घ्यायच्या कागदावर अंगठा देऊनच बसलेवते मी. तू आली न्हाईस. तुजा नवरा आला, कागद घिऊन. आन चार मानसांत माजा संडास काढला."

मी कुंकवाचा करंडा आणला. त्यांनी लावून घेतलं, मला लावलं, आणि म्हणाल्या, "आता काय उपेग." त्या खोटं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एका चहाचं काम होतं. त्याच्यासाठी आम्ही कोर्टापर्यंत गेलो आणि जिंकलो.

पुढचे दिवस बायडाबाई माझ्याबरोबर दारोदार हिंडल्या. चार दारांवर मला दोन शब्द कमी बोलावे लागले, त्यांचं नुसतं सोबत असणं पुरत होतं. पण एक्केचाळीसची भरपाई दारोदार हिंडून होत नाही. सतरा तारखेला मी पुन्हा तात्यांकडे गेले. कळप आता आणखी पुढे, गंगेच्या अगदी काठाला गेला होता. तात्यांनी मला गुळाचा चहा दिला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "पोरी, येतो म्हनलो तर खोटं हुईल. आता ह्या मानसांना कळप सोडा म्हनायला माजी जीब उचलत न्हाई. सा कोकरं गेली, त्यातली चार प्रल्हादच्या विधवंची व्हती."

मी म्हटलं, बरोबर आहे तुमचं. एसटीत बसल्यावर मला सगळ्यांचा राग आला. तारीख बदलणाऱ्यांचा, ह्यांचा, लांडग्याचा, माझा. कंडक्टरने तिकीट विचारलं तर त्याच्यावरही खेकसले.

वीस तारखेला मतदान झालं. वस्तीतलं असेल नसेल ते माणूस बायडाबाईंनी बाहेर काढलं, बाळंतिणीलासुद्धा. एकवीसला मोजणी. सव्वीस मतांनी पडले. रुचिकाने गुलालाने भरलेल्या हातांनीच माझे हात धरले आणि म्हणाली, "ताई, लई चुरशीची झाली." मी हो म्हटलं. बाहेर बाजारवाले फटाके लावत होते. आम्ही पायी घरी आलो. हे वाटेत म्हणत होते, पुढच्या वेळी आपण सगळे कागद आधीच तपासून घेऊ. मी झपझप पुढे चालत राहिले, कारण बोलले असते तर रस्त्यात तमाशा झाला असता.

घरी येऊन बसलो तोच माझा फोन वाजला. तात्या.

"काय झालं गं?"

"पडले, तात्या."

"कितीनं?"

"सव्वीस."

पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. मला माहीत होतं ते काय मोजतायत.

"बरं," ते म्हणाले. "आखाडात..."

"तात्या," मी म्हटलं, "मेंढरं घराकडं आणू नका. डेपो हलत न्हाई आता. आजच्या निकालानं पाच वर्सांची सही झाली त्याच्यावर. मरतील ती."

"मंग न्यायची कुटं?"

हे शेजारीच बसले होते. मोजणीच्या खोलीतून आणलेला आकड्यांचा कागद मांडीवर पसरून, कोणत्या केंद्रावर किती कमी पडली याची पेनाने बेरीज चालली होती. मी फोन त्यांच्यापुढे धरला.

"घ्या," मी म्हटलं. "बाकीचं तुमी बगनार व्हता ना? सांगा तात्यांना, मेंढरं कुटं न्यायची ते."

ह्यांनी फोन घेतला, कानाला लावला, आणि नुसते बसून राहिले. पलीकडून तात्या हालो, हालो करत होते.