हट्टी खण

मी बोलतोय तो स्वयंपाकघरातून, अगदी जमिनीलगतून. जरा वाका, म्हणजे दिसेन. ओट्याखालच्या खणांतला सगळ्यात खालचा मी.

वरचे माझे थोरले भाऊ. त्यांना बोट लावलं की सरसर उघडतात. माझ्या वाट्याला उरलेली फळी आली. सुतारच मला बसवताना म्हणाला, "हा जरा अडेल हो, वहिनी. ओढावं लागेल." तेव्हापासून माझं नाव पडलं हट्टी. पोटात काय, तर डबे हरवलेली झाकणं. कधीमधी कुणी मला हिसका देई, झाकण शोधे आणि पायानेच ढकलून बंद करी. एरवी मी पेंगत असे. दुपारचं ऊन फरशीवर उतरून हळूहळू माझ्या मुठीपाशी यायचं. अर्धवट झोपेत मला वाटायचं, कुणीतरी मला भेटायला येतंय.

आणि एका दुपारी खरंच आलं. घरातली पिटुकली. रांगत नव्हती, बसल्या बसल्या सरकत होती, एक हात वल्ह्यासारखा मारत, इवल्याशा होडीसारखी. तोवर मी माणसांची फक्त पावलं पाहिली होती. चेहरा समोरासमोर पहिल्यांदाच पाहिला. तिने माझ्यावर थाप मारली. आत झाकणं खणखणली. ती थबकली. पुन्हा थाप, पुन्हा खणखण. मग खुदकन हसली. आपण केलं की काहीतरी होतं, हे नवल तिला माझ्यापाशी गवसलं.

पुढे ती शिकत गेली. फरशीवरचा दाणा चिमटीत धरू लागली, "दे" म्हणू लागली, रुमालाआड लपून स्वतःच "भो" करू लागली. उभं राहण्याचं मात्र नाव नाही.

"आमचा तर जिने चढतो बाई," शेजारीण म्हणायची. "तुमच्या राणीसाहेब कधी उठायच्या?"

डॉक्टरांनी पाय तपासले होते. "सगळं छान आहे, आपल्या वेळेने चालेल," म्हणाले होते. तरी शेजारीण गेली की पिटुकलीची आई पुसलेलीच भांडी पुन्हा पुसत राही. आजीने तर देवापुढे हात जोडून सांगून टाकलं होतं, "पोर स्वतःच्या पायांनी चालेपर्यंत माझ्या चहात साखर नाही." चहाची भारी शौकीन बाई, पण तो कडू घोट हसत गिळायची.

गंमत अशी, की हीच आजी पिटुकलीने "उं" म्हणायचा अवकाश, चेंडू हजर करी, खुळखुळा हजर करी.

"आई, तिला घेऊ द्या ना जरा स्वतः," पिटुकलीची आई आजीला म्हणायची.

"अगं, मी आहे ना धावायला!"

साऱ्या घरात तिला हवं ते लगेच न देणारा एकटा मीच.

एका सकाळी तिने माझी मूठ दोन्ही हातांनी धरली. ओढली. मी मनात म्हटलं, देवा, आज तरी उघडू दे! पण फळी अडली ती अडलीच. तिने ओठ दाबून आणखी जोर लावला. मी तिच्याकडे येईना, म्हणून तीच माझ्याकडे आली. आधी गुडघे टेकले, मग एक पाऊल, मग दुसरं. उभी!

आजी कप ठेवून मला उघडायला धावली.

"आई, थांबा," आई कुजबुजली. "बघा तरी."

आजी जागच्या जागी थांबली. पिटुकली लटपटली, धपकन बसली, पुन्हा उठली.

मग रोजच तिची नि माझी झटापट. एकदा तिच्या ओढीने मी बोटभर उघडलो आणि एक निळं झाकण तिच्या हाती आलं. झाकण घेऊन ती वळली. समोर आजी चहाचा कप पुढ्यात ठेवून जमिनीवर बसलेली. आजीचे हात शिवशिवत होते, पण तिने ते पदराखाली घट्ट दाबून धरले.

"ये गं सोनी. तूच ये."

तिच्या हातून माझी मूठ सुटली. एक पाऊल पडलं. जरा डुलून दुसरं. मधली फरशी तिने पाण्यावरून यावं तशी पार केली, आजीपाशी पोचली आणि ते झाकण कपावर ठेवलं. नीट बसलं!

आईने डोळे पुसत त्या कपात साखर घातली.

"किती गोड केलंस गं!" आजी म्हणाली आणि हसता हसता रडली.

परवा सुतार आला होता. "ह्यालाही तासून देऊ का?"

"हात लावू नका त्याला," आजी म्हणाली. "घरात एक तरी हट्टी असू दे."

आता पिटुकली टाचा उंचावून वरच्या खणातला चमचा काढते. मला पुन्हा फक्त पावलंच दिसतात, पण त्यांतली दोन माझ्या ओळखीची आहेत.

तुमच्या घरी कुणी जमिनीवरून धडपडत असेल, तर जवळ बसा, नजर असू द्या, हात मात्र क्षणभर पदराखाली राहू द्या. बघा, ऊन मुठीपाशी आलं. मी जरा पेंगतो.