कठड्यावरची जाळी

मित्रांनो, धक्क्यावरून पाहिलंत तर मी तुम्हाला नवी कोरी वाटेन. पांढराशुभ्र रंग, निळे दिवे, वरच्या मजल्यावर नाचायला गुळगुळीत फरशी. फसू नका. मी एक जुनी प्रवासी बोट आहे. नखाने खरवडलंत तर रंगाखालून गंजाचे पापुद्रे निघतील.

मला बांधलं तेव्हा गोदीतल्या माणसांच्या डोळ्यांपुढे पोती होती, सायकली होत्या, उभी राहणारी मोठी माणसं होती. म्हणून कठड्याला दोनच आडवे गज घातले. एक कमरेशी, एक गुडघ्याच्या जरा वर. खालून पोतं सहज सरकवता यायचं. मूलही सहज सरकलं असतं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आलं ते चहावाल्या मावशीच्या. ती माझ्या पोटातल्या कॅन्टीनमध्ये चहा करायची. तिने मासेमारीची एक टाकून दिलेली जाळी आणून कठड्याला बांधली. पुढे रीतच पडली. कडेवर मूल घेऊन कुणी आई चढली, की बसायच्या आधी जाळी ओढून पाहायची. सैल लागेल तिथे गाठ मारायची, हाताशी असेल त्याने. बुटाची नाडी, केसांची रिबीन, फाटक्या चादरीची पट्टी.

“मावशी, ही सुटणार नाही ना?”

“तुझ्या पोराला मिशा फुटेपर्यंत टिकेल. बस आता, चहा निवतोय.”

मी धूर ओकायची, उशिरा पोहोचायची, लोक मला मनसोक्त शिव्या घालायचे. पण माझ्या कठड्याखालून एकही मूल कधी गेलं नाही.

मग खाडीवर पूल झाला. माणसं पुलावरून जाऊ लागली आणि मी धक्क्याला बांधलेली कुजत राहिले. शेवटी एका नव्या मालकाने मला विकत घेतलं आणि माझी क्रूझ केली. सजावट करणारी बाई आली. नाकाला रुमाल लावून म्हणाली, “या चिंध्या कुणी लोंबकळवल्यात? फोटोत किती गलिच्छ दिसेल!”

कापून टाकली जाळी. सगळ्या गाठींसकट.

कॅन्टीन गेलं. मावशीच्या हाती बादली आणि पोछा आला.

“साहेब, गज फार लांब लांब आहेत. पोरंबाळं येतात...”

“पोरांना आईबाप असतात,” मॅनेजर म्हणाला. “तू फरशी बघ.”

तेव्हापासून मावशी कठड्याजवळचीच फरशी पुन्हा पुन्हा पुसायची. खलाशी चिडवायचे, “मावशी, भोक पाडशील हां बोटीला!”

एका संध्याकाळी एक बाप आपल्या छोट्या मुलीचा फोटो काढत होता. डोळे फोनमध्ये. “मागे सरक, पिल्लू. अजून. अजून थोडी.”

पिल्लू शहाणी होती. सांगितलं तशी सरकत गेली. टाच काठावरून घसरली, ती मटकन बसली आणि गजाखालून सरकली.

मावशीने पोछा फेकला, स्वतःला पालथं झोकून दिलं आणि मुलीचा घोटा पकडला. ओढलं. मुलीचे गुडघे सोलले, फ्रॉक साबणाच्या पाण्याने भिजला. तिने भोकाड पसरलं.

बाप धावत आला. वाकून त्याने खालचं पाणी पाहिलं. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडालेला मी पाहिला, मित्रांनो. त्याला सगळं कळलं होतं.

मागून त्याची बायको ओरडली, “काय झालं? तू बघत होतास ना तिच्याकडे?”

त्याने मावशीकडे बोट दाखवलं. “या बाईने पाडलं तिला. फरफटत ओढत होती.”

“अहो, पोर खाली चाललं होतं...”

“गप्प बस! हात बघ स्वतःचे, किती घाण आहेत!” बाप खेकसला.

मॅनेजरने त्याची हात जोडून माफी मागितली आणि पुढच्याच धक्क्यावर मावशीला उतरवलं. ओल्या कपड्यांत. खलाशी दोर गुंडाळत राहिले, मान वर न करता. मी सुटले तशी ती ओरडली, “अरे, त्या जागेवर कुणीतरी उभं राहा रे!”

“मावशीची गादी कोण चालवणार?” एक जण म्हणाला. बाकीचे हसले. उभं कुणीच राहिलं नाही.

त्या कुटुंबाला जेवण फुकट मिळालं. मुलीला आइस्क्रीम मिळालं. उजेड अजून छान होता, म्हणून बापाने तिला पुन्हा तिथेच उभं केलं.

“मागे सरक. अजून थोडी.”

या वेळी फोटो सुरेख आला. इतका, की मॅनेजरने तो मागून घेतला आणि मोठा करून तिकीट खिडकीवर लावला. हसरी मुलगी, मागे मोकळा कठडा आणि बुडता सूर्य. आता लोक चढता चढता विचारतात, “ती फोटोची जागा कुठली हो?” तिथे रांग लागते. परवा एका आईने कडेवरचं मूल सावरत कठड्यावर हात फिरवला, काहीतरी चाचपत राहिली. मागून आवाज आला, “बाई, सरका ना, रांग अडली.” ती सरकली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला टाकू नका. मी तसं म्हणणार नाही. कठड्यापाशी कुणी ‘मागे सरक’ म्हणालं, तर खाली बसा. रडा, हट्ट करा, मार खा, पण सरकू नका. आणि तुमच्या मोठ्यांना सांगा, गाठी मारायला होत नसेल तर मला भंगारात काढा.

मला हात नाहीत.