भाईदासची कंबर

पोट उतरवलं तर भाईदासला तीन गोष्टी मिळणार होत्या. कारखान्यात आणखी दोन वर्षं, मागावरच्या पोरांवर ओरडायचा हक्क, आणि शिरपूरच्या थोरल्या भावाला 'अजून सुरतेतच आहे' असं ऐकवायची सोय. द्यायचं होतं फक्त पोट. सौदा स्वस्त होता.

तसं ते पोट साधं नव्हतं. सुरतेच्या बमरोलीत कापडाच्या मागांवर आला तेव्हा भाईदास काडीसारखा होता. माग दुरुस्त करता करता जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, झाला आणि पोट पुढं आलं. गावी लग्नाला गेला की लोक आधी पोट बघत, मग रामराम करीत. सुरत लाभली म्हणत.

सुरतेत चौऱ्याण्णव साली प्लेग आला, त्याच्या पुढच्या वर्षी शेठचा पुतण्या हितेनभाई परदेश बघून आला आणि येताना एक मासिक घेऊन आला. त्यात होतं, चरबी वाढली की शरीर वयाच्या आधी म्हातारं होतं. झालं. पंचावन्नच्या वरच्या कामगारांची दिवाळीआधी तपासणी ठरली. डॉक्टर कंबर मोजणार, जिने चढवून नाडी बघणार. शरीर म्हातारं निघालं की हिशोब करून घरी, तरुण निघालं तर आणखी दोन वर्षं.

"पण माझं वय सत्तावन्नच आहे, शेठ," भाईदास म्हणाला.

"काका, उमर कागज पे नहीं होती," हितेनभाई म्हणाले, "कमर पे होती है."

भाईदासनं घरी येऊन जाहीर केलं: आजपासून तेल बंद, शेवभाजी बंद, भात बंद. दुधी उकडायचा.

"तुमच्यापुरता वेगळा शिजवते, मामा," सून उज्ज्वला म्हणाली.

"आणि तुम्ही माझ्यासमोर फोडणी देणार? मी दुधी चावू आणि वास भरताचा घेऊ? ज्याला चमचमीत पाहिजे त्यानं बाहेर जाऊन खावं."

उज्ज्वला आणि तिचा नवरा बाहेर जाऊन लोचो, म्हणजे तेल-शेव घातलेला सुरती डाळीचा लगदा, खाऊ लागले. भाईदासच्या बायकोला, पुष्पाबाईला, बाहेर जायला वेळ नव्हता. घरबसल्या साड्यांचे धागे कापायचं काम असायचं. शिवाय नवरा जे खाईल तेच खायचं, ही तिची जुनी खोड. अंगावर मांस आधीच बेताचं.

"पोट तुमनं, उपास मना?" एवढं ती एकदा म्हणाली.

"तुलाही बरं. हलकं वाटेल."

तिला हलकं वाटलं. इतकं, की बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. भाईदासला ते दिसलं नाही, कारण तो आरशात स्वतःची कंबर बघत होता. आणि खोटं कशाला बोलायचं, गडी खरंच सुधारला. घोरणं थांबलं, गुडघा बोलायचा बंद झाला, मागाखाली वाकून तो पोरासारखा उठू लागला.

तपासणीत भाईदास दोन जिने धापा न टाकता चढला. डॉक्टरनं टेप गुंडाळली आणि सांगितलं, शरीर पन्नाशीच्या आतलं. हितेनभाई मागून पहिल्या जिन्यावरच भिंत धरून उभे होते, पण त्यांच्या कमरेएवढी टेप डॉक्टरकडे नव्हती आणि विचारायची हिंमत कोणाकडे नव्हती.

भाईदास जिलबी-फाफडा घेऊन घरी आला. पुष्पाबाई तेव्हा नळावरून पाण्याची कळशी उचलत होती. डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि ती कळशीसकट उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं आधी पुष्पाबाईकडे बघितलं, मग भाईदासकडे. "आ तमारां बा छे?"

तुमची आई का, असं विचारत होता तो. भाईदासची छाती आधी दोन बोटं फुगली, आणि मगच प्रश्न पोचला.

"बायको आहे," तो म्हणाला. "माझ्याहून चार वर्षांनी लहान."

डॉक्टरनं कारण विचारलं. उज्ज्वलानं दुधीचं सगळं सांगितलं.

"काका, तुमच्याकडे चरबी जास्त होती, तुम्ही उतरवलीत, चांगलं केलंत," डॉक्टर म्हणाला. "यांच्याकडे होतीच कुठं? या वयात पडलं-झडलं तर गादीसारखं थोडं मांस लागतं. ते तुम्ही काढून घेतलंत."

भाईदासनं पुड्यातली जिलबी पुढं केली. पुष्पाबाई म्हणाली, "आते भूक नही."

प्लास्टर उतरलं तरी बोटं कात्री धरेनात, आणि साड्यांचं काम दुसरीकडे गेलं. एकूण मांडणी अशी: भाईदासला दोन वर्षं मिळाली, हितेनभाईंना त्यांचं मासिक खरं ठरल्याचं समाधान मिळालं, सुनेला लोचोची चटक मिळाली. भरणा पुष्पाबाईनं केला, तोही उजव्या हातानं.