दाराशी टांगलेला कंद

मी आकाशगरुडीचा कंद बोलतोय. गंगाखेडात, बसप्पांच्या दाराशेजारच्या खुंटीला चौऱ्याहत्तर सालापासून, म्हणजे चार-साडेचार वर्षं, मी टांगलेला आहे.

माझा जन्म येलदरीकडच्या माळावरचा. उन्हाळाभर मातीत निजायचं, पावसाळ्यात वेल होऊन बाभळीवर चढायचं, लाल फळं धरायची. जडीबुटीवाल्या भुजंगानं मला खणून काढलं आणि बसप्पांच्या आईला, बसम्मांना विकलं.

"दाराला टांगा. साप येत न्हाई, नजर लागत न्हाई. माती नको, पाणी नको. हवेवर जगतो ह्यो."

हवेवर कुणी जगतं का? मी माझंच अंग खाऊन जगतो.

पहिल्याच पावसाळ्यात मला कोंब फुटला. तो माती शोधत होता. बसम्मांनी मात्र गल्लीभर गूळ वाटला. "बरकत आली घराला!" दर वर्षी मी सुटायला धडपडायचो, आणि दर वर्षी बसम्मा दोरीची गाठ आवळायच्या.

सोमवारी त्यांची सून गंगम्मा माझी धूळ पुसायची. तिसऱ्या वर्षी तिची बोटं थबकली.

"आत्याबाई, ह्याला सुरकुत्या पडल्यात. पोकळ लागायलाय. मातीत लावू का?"

"काय बोलायलीस! कोंब फुटलेला कुणी उतरवतं का? तुला ह्या घरात काही टिकू द्यायचंच न्हाई."

"बरं, उतरवीत न्हाई."

तिनं उतरवलं नाहीच. दर सोमवारी दोरी फक्त बोटभर सैल केली. खाली डालड्याच्या डब्यात माती भरून झेंडू लावलेला होता. असं दीड वर्ष चाललं.

परवा बसम्मा दारात थांबल्या.

"दोरी लांबल्यावानी दिसायलीय."

"वजनानं, आत्याबाई."

बसम्मांनी मला तळहातावर घेतलं. वाळल्या करवंटीइतकासुद्धा मी भरलो नसेन. त्यांनी माझ्या सुरकुत्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "व्हय, लय जड झालाय. त्यो डबा जरा हिकडं सरकव. लोकांच्या पायात यायलाय."

गंगम्मानं तोंडावर पदर धरून डबा नेमका माझ्याखाली सरकवला.

आता माती चार बोटांवर आहे. म्हणजे चार सोमवार. तेवढं अंग माझ्यात उरलंय का, ते मला सांगता येत नाही.

तुमच्या दाराला माझा कुणी भाऊबंद टांगलेला असेल, तर त्याचा कोंब बघून हरखू नका. एकदा त्याला हातात घेऊन बघा.